वाडा मोडण्यापूर्वी



सुगी आटोपली, धान्य घरात आले, की गावोगाव घरांची कामे निघतात. कोणी ढासळलेली भिंत उतरवतो, कोणी पत्रे बदलतो, कोणी वडिलोपार्जित घर पाडून स्लॅबच्या घराची आखणी करतो. जुनी लाकडे विकत घेणारे व्यापारीही नेमके याच दिवसांत गावात फिरू लागतात. ओसरीवर बसतात, चहा घेतात, वर तुळयांकडे नजर टाकतात आणि एक आकडा सांगून जातात. घरात मुलीचे लग्न किंवा सोसायटीचे कर्ज असले, तर तो आकडा मोठा वाटतो. आठ दिवसांत वाडा उतरतो.

वाडा राखा किंवा मोडा, असा सरसकट सल्ला मी देणार नाही. बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, चालवून पाहतो, खांदा चाचपतो. विकतानाही बाजारभाव काढल्याशिवाय दावे सोडत नाही. घराच्या बाबतीत मात्र एवढीही चौकशी होत नाही. जुने घर विकायचे असो, विकत घ्यायचे असो, की पाडायचे असो, आधी ते नीट तपासावे, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

जुन्या घरात काय आहे?

वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या काठी नाना फडणिसांचा वाडा आहे. पुण्यातला विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने बांधला. तो १८०७ साली पुरा झाला. हे वाडे पाहायला लांबून माणसे येतात. आपल्या गावातील पाटलाचे, कुलकर्ण्याचे, सावकाराचे किंवा साध्या कुणब्याचे जुने घर पाहिले, तर बांधणीची रीत पुष्कळशी तीच दिसते, फक्त आकार लहान. दगडी तळखड्यावर लाकडी खांब, खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट आणि वर मातीचे माळवद. भिंत मागाहून भरलेली. दोन खांबांमधला तो एक खण. त्यावरूनच आपण पाच खणी, सात खणी घर म्हणतो.

या घरांत प्रत्येक गोष्टीला काम होते. दिंडीतून आत आले की ढेलज, म्हणजे परक्या माणसाला बसण्याची जागा. मग चौक, सोपा, माजघर. माळवदाला सवणे ठेवलेले. त्यातून उजेड येई आणि चुलीचा धूर बाहेर जाई. भिंतीत धान्याचे बळद, देवळी, कोनाडे, खुंट्या. दोन-अडीच फुटांच्या भिंतीमुळे दुपारचे ऊन आत पोचेपर्यंत सूर्य मावळून जातो. वैशाखात बाहेर अंग भाजत असताना माजघरात घोंगडी टाकून झोप लागते ती त्यामुळे. स्लॅबचे उलट असते. तो दिवसभर तापतो आणि रात्री ती ऊब खाली सोडतो. पंखा लावला, तरी वरून गरम हवाच अंगावर येते. हे तुम्ही रोज अनुभवता.

कोकणातली तऱ्हा निराळी. तिथे पाऊस मोठा, म्हणून जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, उतरते छप्पर आणि रुंद पडवी. मंगळूरला १८६५ साली कौलांचा कारखाना निघाला आणि ती मंगलोरी कौले पुढे कोकणात घरोघर पोचली. ज्या मुलखात जो दगड, जी माती, जेवढा पाऊस, त्याप्रमाणे तिथले घर झाले.

सुनेचे म्हणणेही ऐका

पण जुन्या घराचे कौतुक करणारा बहुधा ओसरीवर बसलेला असतो. आतल्या बाईला विचारले तर ती वेगळेच सांगते. स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो. जमीन सारवून सारवून मनगटे दुखतात. पावसाळ्यात माळवद गळते आणि रात्री उठून ठिकठिकाणी भांडी मांडावी लागतात. उंदीर बळदात घर करतात. शौचालय नसले तर अंधार पडायची वाट पाहावी लागते. आजकाल मुलगी देताना तिकडची माणसे शेताबरोबर घरही पाहून जातात, आणि मातीचे घर दिसले की चेहरा पडतो.

हे म्हणणे खरे आहे. मात्र यातल्या पुष्कळ तक्रारी उजेड, पाणी आणि शौचालय यांच्या आहेत. त्या दूर करायला सगळे घर पाडावे लागतेच असे नाही. सोप्यावर सवण्याच्या जागी काच बसवता येते. माजघराला फरशी घालता येते. परसात शौचालय आणि न्हाणी बांधता येते. नवीन खिडकी पाडायची असेल, तर ती भिंतीच्या कोपऱ्यापासून निदान २ फूट सोडून पाडावी आणि वर पक्की आडवी पट्टी द्यावी. कोपरा हा भिंतीचा जोर आहे. तो पोखरू नये.

किल्लारी विसरू नये

आता जी गोष्ट सांगतो, ती सौंदर्यापेक्षा आणि पैशापेक्षा मोठी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून माणसे झोपलेली असताना, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे भुईसपाट झाली. हजारो माणसे आपल्याच घराच्या भिंतींखाली आणि माळवदाखाली गाडली गेली. त्याआधी ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेच्या भूकंपानेही दगडमातीच्या घरांची अशीच गत केली होती.

त्या भिंती चांगल्या जाड होत्या. मग त्या का पडल्या? भिंतीची बाहेरची दगडी बाजू वेगळी, आतली वेगळी आणि मध्ये नुसती माती व चिपा. दोन्ही बाजू एकमेकींना धरून ठेवणारे आरपार दगड नव्हते. हादरा बसताच भिंत उभी फाटली आणि तिच्या दोन्ही बाजू सुट्या होऊन कोसळल्या. त्यावर माळवदाचे ओझे. माळवद गळू नये म्हणून दरवर्षी वरून मातीचा थर देण्याची आपली पद्धत आहे. जुना थर कोणी काढत नाही.

या ओझ्याचा हिशेब एकदा घरीच करून पाहा. १० फूट लांब, १० फूट रुंद खणावर १ फूट जाडीची माती म्हणजे १०० घनफूट. कोरड्या मातीचे हे वजन सुमारे ४५ क्विंटल भरते. म्हणजे धान्याची ५० किलोची ९० पोती तुमच्या डोक्यावर रचलेली आहेत. पाऊस मुरला की वजन आणखी वाढते. दरवर्षी एक इंच माती टाकली, तर दर खणाला पावणेचार क्विंटलच्या आसपास भर पडते.

त्याच भूकंपात आणखी एक गोष्ट दिसली. जिथे छताचा भार भिंतीवर नसून मजबूत लाकडी खांबांवर होता, तिथे काही ठिकाणी भिंती ढासळल्या, तरी छत खांबांवर उभे राहिले आणि आतली माणसे वाचली. म्हणून आपल्या घराचा भार नेमका कशावर आहे, हे पहिल्यांदा पाहावे. भूकंपानंतर शासनाने मराठवाड्यात पुनर्वसनाबरोबर जुनी घरे बळकट करण्याचेही काम केले. भिंतीला ठराविक अंतरावर भोके पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरायचे, म्हणजे दोन्ही बाजू शिवल्या जातात; भिंतीवरून चहूबाजूंनी पट्टा द्यायचा; माळवदाची जादा माती उतरवायची. नवीन दगडी भिंत बांधताना दर २ फूट उंचीवर आणि आडव्या दिशेने दर ४ फुटांवर एक आरपार दगड घालावा. गवंड्याला हे आधी बजावावे आणि काम चालू असताना समोर उभे राहून मोजून घ्यावे.

घर कसे तपासावे?

तपासणीसाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. एक ओळंबा, एक दाभण, एक हातोडी आणि एक वही पुरे.

भिंतीला ओळंबा लावा. मध्येच पोट आले असेल, तर आतून दोन बाजू सुटल्याची ती खूण आहे. हातोडीने हलके ठोका; पोकळ आवाज आला की तिथे खूण करा. भेग दिसली, तर तिच्यावर आडवी काचेची बारीक पट्टी सिमेंटने चिकटवा आणि तारीख लिहा. एका पावसाळ्यात ती पट्टी तडकली, तर भेग वाढते आहे असे समजावे. अशा भिंतीच्या कडेला कोणी झोपू नये आणि जनावरेही बांधू नयेत.

खांबाच्या बुडाशी दाभण टोचा. सागाच्या पक्क्या लाकडात ते शिरत नाही. सहज आत गेले, तर बूड कुजले आहे किंवा वाळवीने खाल्ले आहे. तुळईची भिंतीत गेलेली टोके नक्की पाहा. ती झाकलेली असतात, ओल धरतात आणि कूज तिथेच सुरू होते. बूड कुजले म्हणून सगळा खांब टाकून देण्याचे कारण नाही. चांगला सुतार तेवढा भाग कापून नवा जोड देतो. मात्र त्याआधी तुळईला भक्कम टेकू हवा.

पाणी कुठून येते, हे शोधा. अलीकडे गावोगाव गल्लीत सिमेंटचे रस्ते झाले. एकावर एक थर पडून रस्ता उंच झाला आणि घराचे जोते खाली गेले. पूर्वी उंबऱ्यापासून लांब जाणारे पाणी आता भिंतीकडे येते. शंभर वर्षे उभी असलेली भिंत अशी दोन-चार पावसाळ्यांत बसते. रस्त्याचे काम निघेल, तेव्हा जुना थर खरवडून मगच नवा टाकावा आणि कडेला गटार घ्यावे, अशी मागणी ग्रामसभेत जरूर मांडा.

आमच्या खात्याशी संबंधित असे दोन शब्द. वाड्याच्या सोप्यात खताची पोती भिंतीला लावून रचू नका. खत हवेतली ओल ओढते, त्यातले क्षार भिंतीत उतरतात आणि लोणा लागतो. गोठ्यातील मुताची ओलही भिंतीचे तेच करते. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत आणि गोठ्याची मोरी बाहेर काढावी. सरपणाचा ढीग भिंतीला लावला, की वाळवीला रस्ता मिळतो. मातीच्या नळ्या दिसताच खरवडून टाका, ओल बंद करा आणि औषध वापरायचेच तर लेबल वाचून वापरा. बळदात किंवा धान्याच्या जागी ते मुळीच मारू नका.

गिलाव्याबद्दलही सांगतो. माती किंवा चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा कडक गिलावा केला, तर वरून भिंत छान दिसते, पण आतली ओल कोंडते आणि थोड्या वर्षांत पापुद्रे सुटतात. जुन्या भिंतीला चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा मानवतो. विजेच्या तारांकडेही लक्ष द्या. पुण्याच्या शनिवारवाड्यातल्या इमारती १८२८ सालच्या आगीत जळाल्या; तटाच्या भिंती तेवढ्या राहिल्या. लाकडाच्या घराला आगीचे भय मोठे. कडीपाटावरून लोंबणारी, जोड दिलेली जुनी वायर आधी बदला.

लाकडाचा सौदा

घर राखण्याजोगे नाही असे ठरले, तर ते सुरक्षितपणे उतरवावे. त्यात कमीपणा नाही. पण लाकूड उक्ते विकू नका, मोजून विका. हिशेब सोपा आहे. ८ इंच रुंद, ८ इंच जाड आणि ८ फूट उंच खांबात साडेतीन घनफुटांहून थोडे जास्त लाकूड असते. असे २० खांब म्हणजे ७१ घनफूट. तुळया, कड्या, पाट, चौकटी आणि दारे वेगळी. प्रत्येक नग मोजून वहीत लिहा. तालुक्याच्या वखारीत जुन्या सागाचा घनफुटाचा भाव विचारा आणि मगच व्यापाऱ्याशी बोला. कोरीव खांब, महिरप, दिंडीचे दार यांचा भाव घनफुटावर होत नसतो. मुंबईत ओशिवऱ्याला जुन्या फर्निचरचा मोठा बाजार आहे. शहरातल्या हॉटेलांत आणि बंगल्यांत अशा वस्तूंना मोठी मागणी असते. सागाची वाहतूक करण्यापूर्वी वन खात्याच्या कार्यालयात परवान्याची चौकशी करावी.

एका गावात तीन भावांनी वाडा द्यायचे ठरवले. व्यापारी इसार घेऊन आला. थोरल्या जाऊबाईंनी एवढेच म्हटले, "आमची सगळ्यांची बाळंतपणं ज्या खोलीत झाली, तिची चौकट तरी मोजून द्या." चौकट मोजायला माणूस वर चढला आणि मग सगळेच मोजले गेले. मोजणीनंतर व्यापाऱ्याने आपला आकडा आपणहून दुपटीहून वर नेला. भावांनी अखेर पुढचे चार खण राखले आणि मागचा ढासळलेला भाग तेवढा उतरवला. त्याच लाकडातून पुढच्या भागाची डागडुजी झाली.

घर घेणारे आणि विकणारे

पूर्वी खेड्यात घर विकत घेणे हा प्रकार फारसा नव्हता. घर बांधावे किंवा वारशाने मिळावे. आता तीन गोष्टी दिसतात. थोडा पैसा जमला की शेतकरी मुलांच्या शाळेसाठी तालुक्याच्या गावी जागा घेतो आणि गावचे घर बंद पडते. दुसरीकडे शहरातला माणूस निवांतपणासाठी कोकणात, वाईकडे किंवा धरणाकाठी जुने घर शोधत येतो. बिगरशेतकऱ्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही, पण गावठाणातील घराला ती आडकाठी नाही. आणि काही कुटुंबे घर न विकता पाहुण्यांसाठी दोन खोल्या तयार करतात. राज्याने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले आणि त्याची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. मात्र पाहुण्याला वाड्याच्या आधी स्वच्छ शौचालय आणि सुरक्षित छप्पर लागते, हे ध्यानात ठेवावे.

व्यवहार कोणताही असो, कागद पक्के करा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू झाली. तिच्यात गावठाणाची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देतात. आपल्या गावाची मोजणी झाली असेल, तर पत्रिकेवरील नावे आणि क्षेत्र आजच तपासा. चूक असल्यास लगेच हरकत द्या. स्टँपपेपरवर लिहून नोटरी केली म्हणजे घर आपले झाले, या समजुतीवर राहू नका. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. घेणाऱ्याने वकिलाकडून ३० वर्षांचा शोध घ्यावा आणि बोजा आहे का ते पाहावे.

वाड्याला वारस फार असतात. बहिणींना विसरू नका. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात एक कलम होते; त्यामुळे राहत्या घराची वाटणी मुलींना आपण होऊन मागता येत नसे. २००५ साली ते कलम काढून टाकले आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच हक्क दिला. बहिणीची सही नसलेला व्यवहार पुढे कोर्टात अडकतो, आणि माहेरही तुटते. एका भावाने आपला हिस्सा परक्याला विकला, तरी त्या परक्याला एकत्र कुटुंबाच्या घरात येऊन राहण्याचा हक्क मिळत नाही; त्याला वाटणीचा दावा करावा लागतो. म्हणून घरातल्या घरात आधी विचारा. वारसाने मिळालेला हिस्सा विकताना दुसऱ्या वारसाला घेण्याचा पहिला हक्क कायद्यानेच दिला आहे.

शेजाऱ्याची वहिवाटही पाहून घ्या. त्याच्या पागोळ्या आपल्या अंगणात पडतात का, बोळातून त्याची जाण्या-येण्याची वाट आहे का, परसातला आड सामाईक आहे का? २० वर्षे उघडपणे आणि अखंड चाललेली वहिवाट हक्क होऊन बसते. घर घेतल्यावर भांडण्यापेक्षा आधी विचारलेले बरे.

येत्या पावसाळ्याआधी घरातल्या सर्वांनी मिळून एवढे करावे. एका वहीची चार पाने घ्या. पहिल्यावर भिंती आणि माळवदाची अवस्था, दुसऱ्यावर लाकडाचे मोजमाप, तिसऱ्यावर कागदपत्रे आणि वारसांची नावे लिहा. चौथे पान घरातल्या बायकांना द्या. या घरात त्यांना काय सोयीचे आहे आणि काय नको आहे, ते त्यांनी लिहावे. वही घेऊन तालुक्याच्या जाणत्या अभियंत्याला एकदा घर दाखवा. धोका असेल तर पाऊस सुरू होण्याआधी तो भाग रिकामा करा. धोका नसेल, तर घाई करू नका. व्यापारी पुढच्या वर्षीही येईल.